कर्जतच्या डोक्यावर पस्तीस मिनिटं

आधी नाव सांगतो. ज्योती कांबळे. आमच्या ऑफिसात सगळे कांबळे मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणतो. पुढे जे सांगणार आहे त्यात मी कुठेही शहाण्यासारखा वागलेलो नाही. जे काही निभावलं ते मॅडमनी. ते निभावताना त्यांचं जे गेलं, ते अजून मला परत आणून देता आलेलं नाही. म्हणून त्यांचं नाव आधी आणि माझं मागाहून.

ऑगस्टमधला एक सोमवार होता. सकाळचे दहा वाजून दोन मिनिटं. परळच्या आमच्या ऑफिसात मी एकटा होतो. भिडे सर, म्हणजे आमचे ऑपरेशन्स मॅनेजर, जुहूला मीटिंगला गेलेले. मॅडमची साप्ताहिक सुट्टी. टेबलावरच्या रेडिओ सेटमधून आमच्या हेलिकॉप्टरचे पायलट, कॅप्टन साळवी, यांचा आवाज आला.

"दत्ता, कंट्रोल म्हणतंय आपला आयएफआर प्लॅन त्यांच्याकडे नाही. चेक कर. मी कर्जतला आहे. पुढे घाट पूर्ण बंद आहे."

मी म्हणालो, "चेक करतो सर."

चेक करायला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. प्लॅन समोर स्क्रीनवर उघडाच होता. चूक माझी होती आणि ती मला लगेच दिसली. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो, कारण नंतरची वीस मिनिटं मी ते कुणालाही सांगितलं नाही.

आमची कंपनी हेलिकॉप्टर भाड्याने देते. कुणी देवदर्शनाला जातं, कुणी कारखाना बघायला, आणि कधीकधी हॉस्पिटलवाले मागवतात. मी तिथे ऑपरेशन्स असिस्टंट आहे. नाव मोठं आहे. काम म्हणजे हवामानाचे कागद काढणं, परवानग्यांचे नंबर मिळवणं आणि फ्लाइट प्लॅन भरून पाठवणं. फ्लाइट प्लॅन म्हणजे कोण, कुठून, कुठे, किती उंचीवरून, किती वाजता आणि कोणत्या नियमाने उडणार आहे याचा फॉर्म. तो गेल्याशिवाय रोटर, म्हणजे डोक्यावरचा पंखा, फिरत नाही.

नियम दोन प्रकारचे. एक व्हीएफआर. म्हणजे पायलट डोळ्यांनी बघून उडणार. ढगापासून लांब राहायचं, खालची जमीन दिसत राहिली पाहिजे. दुसरा आयएफआर. म्हणजे बाहेर काही दिसो न दिसो, उपकरणं बघून उडायचं. पण ढगात समोरून दुसरं कोणी येत नाही ना, हे पायलटला दिसत नसतं. ते जमिनीवर बसलेले कंट्रोलर बघतात. ते सांगतात, अमुक उंची, अमुक वाट, तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. त्याला क्लिअरन्स म्हणतात. तो मिळाल्याशिवाय ढगात शिरायचं नाही.

मी काळाचौकीला राहतो, म्हणून मला हे गणपतीतल्या रांगेवरून कळलं. व्हीएफआर म्हणजे लालबागच्या गर्दीतून आपापली वाट काढत चालणं. आयएफआर म्हणजे बॅरिकेड लावलेली रांग. रांगेत शिरलात की कुणी धक्का मारत नाही. पण मधूनच शिरायचं असेल, तर गेटवरच्या कार्यकर्त्याच्या यादीत तुमचं नाव आधीपासून असावं लागतं. नाहीतर तो बाहेरच उभं करतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

आमचं हेलिकॉप्टर उडतं त्या रेसकोर्सच्या हेलिपॅडवरून थेट आयएफआर निघता येत नाही. तिथून बघूनच उडावं लागतं. पावसाळ्यात शहरावर उघडीप असली तरी घाटावर ढग बसलेले असतात. अशा वेळी पायलट व्हीएफआर निघतो, खाडी ओलांडतो आणि पनवेलच्या पुढे गेल्यावर हवेतच आयएफआर क्लिअरन्स घेतो. त्यासाठी प्लॅन दोन भागांचा भरावा लागतो. पहिला भाग बघून, अमुक ठिकाणापासून पुढचा उपकरणांवर. म्हणजे गेटवरच्या यादीत नाव लागतं.

मी यादीत नाव लावलेलं नव्हतं.

त्या दिवशी हेलिकॉप्टरमध्ये परळच्या एका हॉस्पिटलचे सर्जन होते. रक्तवाहिन्या जोडण्याचं काम करणारे. संभाजीनगरला एका हॉस्पिटलात एकोणीस वर्षांची मुलगी होती. पहाटे सहाला टेम्पोने तिला उडवलं होतं आणि गुडघ्यामागची रक्ताची नस तुटली होती. तिथे हे काम करणारे डॉक्टर गावाला गेलेले, आणि मुलीला हलवण्यासारखी स्थिती नव्हती. म्हणून डॉक्टरच तिकडे निघाले. हॉस्पिटलच्या माणसाने मला बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं, पायाला साधारण सहा तास असतात, मग पाय कापावा लागतो. मी पॅडवर लिहून घेतलं होतं, 'सहा + सहा = बारा'. अकराला हेलिकॉप्टर तिकडे उतरणार होतं. एक तास हातात होता.

आता माझं सांगतो. मी किनवटकडचा. नववीतून शाळा सुटली. सुटली म्हणतो, सोडली म्हणायला हवं. मुंबईत आलो तेव्हा लालबागच्या एका खानावळीचे डबे पोचवायचो. त्यातला एक डबा कांबळे मॅडमचा. तीन वर्षांत माझा एकही डबा चुकला नाही, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. एक दिवस म्हणाल्या, डब्यांवरचे नंबर कोण लिहितं? मी म्हणालो, मी. अक्षर चांगलं आहे, म्हणाल्या. पुढच्या महिन्यात मी त्यांच्या ऑफिसात फायली लावायला लागलो. मग टायपिंग, मग हवामानाचे कागद, मग प्लॅन. सगळं त्यांनी शिकवलं. त्या स्वतः परळच्या चाळीत वाढल्या, नोकरी करत शिकल्या, डिस्पॅचरची परीक्षा दिली. डिस्पॅचर म्हणजे पायलटच्या जोडीने उड्डाणाची आखणी करणारा माणूस. आमच्या ऑफिसात त्या पदावर त्याच सगळ्यांत जुन्या.

दोन भागांचा प्लॅन त्यांनी मला जूनमध्येच शिकवला होता. मी वहीत वर लिहिलं, 'दोन भागांचा प्लॅन'. खाली पान कोरं. कारण त्या सांगत होत्या तेव्हा मला नीट कळलं नव्हतं, आणि "कळलं का?" असं विचारल्यावर मी "कळलं" म्हणालो होतो. माझं हे जुनं दुखणं आहे. इंग्रजी शब्द चारच्या वर एका दमात आले की मी मान हलवतो. समोरच्याला वाटू नये की नववीवाल्याला झेपत नाही.

त्या सोमवारी सकाळी आठला कॅप्टन साळवींचा फोन आला होता. व्हीएफआर निघू, पनवेलच्या पुढे आयएफआर क्लिअरन्स घेऊ, प्लॅन तसा टाक. मी म्हणालो, हो सर. फोन ठेवल्यावर मी काय विचार केला ते मला स्पष्ट आठवतं. क्लिअरन्स हवेत घेणार म्हणजे कॅप्टन तोंडाने मागणार आणि कंट्रोल देणार. मग कागदावर काय बदलायचं? काहीतरी बदलायचं असतं असं अंधुक आठवत होतं. मॅडमना विचारावं असं मनात आलं. पण त्यांची सुट्टी, त्यात 'कळलं' म्हटलेलंच परत विचारायचं, म्हणून नाही विचारलं. आमच्याकडे सगळे करतात तेच केलं. त्याच रूटचा मागचा प्लॅन उघडला, तारीख, वेळ, हेलिकॉप्टरचा नंबर बदलला आणि पाठवला. मागचा प्लॅन जानेवारीतला होता. जानेवारीत घाटावर ढग नसतात. तो सगळाच्या सगळा व्हीएफआर होता.

कॅप्टननी गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर तो बघितला, अंगठा पाठवला. त्यांचंही लक्ष हवामानात होतं. नऊ चाळीसला ते उडाले.

तर दहा वाजून दोन मिनिटं. स्क्रीनवर माझा प्लॅन.

मी मॅडमना फोन लावला. त्या जवळच होत्या, परळमध्येच, आईला डोळे तपासायला घेऊन सरकारी ओपीडीत. मागे नंबर पुकारल्याचा आवाज येत होता. मी घाईघाईने सांगितलं की कॅप्टन कर्जतला अडकलेत आणि कंट्रोलला आयएफआर प्लॅन सापडत नाही.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तू प्लॅन दोन भागांचा टाकलायस ना? मी शिकवला तसा?"

मी म्हणालो, "हो मॅडम. टाकलाय."

मनात असं नव्हतं की खोटं बोलून सुटू. तो 'हो' जूनमधल्याच 'हो'सारखा निघाला. तोंडाला सवय झाली होती.

"मग त्यांच्याच सिस्टीममध्ये अडकला असणार," त्या म्हणाल्या. "थांब, मी पाटणकर साहेबांशी बोलते."

पाटणकर साहेब कंट्रोलमधले वरिष्ठ अधिकारी. मॅडमची आणि त्यांची ओळख फोनवरची, पण बरीच वर्षांची. मॅडमची एक रीत होती. जे डोळ्यांनी बघितलं नाही ते कंट्रोलला सांगायचं नाही. त्यामुळे मॅडम म्हणाल्या की झालंय, की पाटणकर साहेब पुढचं विचारत नसत. त्या दिवशी मॅडमनी रीत मोडली, कारण बघितलं मी होतं आणि मी त्यांचा माणूस होतो. त्यांनी साहेबांना सांगितलं, प्लॅन गेलेला आहे, तुमच्याकडे शोधा. साहेबांनी दोन माणसं शोधायला बसवली.

नसलेली गोष्ट शोधायला फार वेळ लागतो.

रेडिओवर कॅप्टन दर तीन-चार मिनिटांनी विचारत होते. आवाज शांत, पण शब्द कमी होत चाललेले. ते ढगाच्या खाली, कर्जतच्या डोक्यावर गोल गोल फिरत होते. मागे बसलेले डॉक्टर विचारत होते, किती वेळ. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त रोटरचा घरघराट ऐकू येत होता आणि "दत्ता, काही?" एवढंच.

मी म्हणत होतो, "मॅडम बघतायत सर."

या मधल्या वेळात मी आणखी एक गोष्ट केली. ती रिपोर्टमध्ये आहे, म्हणून इथेही लिहितो. मी नवा फॉर्म उघडला आणि दोन भागांचा प्लॅन आता भरून पाठवता येतो का बघायला लागलो. गुपचूप गेला तर त्यांना सापडेल, आणि सगळे म्हणतील, बघा, होताच. पण माझं वहीचं पान कोरं होतं. बदल कुठे लिहायचा, कसा लिहायचा, मला येत नव्हतं. म्हणजे मला खोटं लपवतासुद्धा आलं नाही, कारण त्यासाठी जे शिकायला हवं होतं ते मी शिकलो नव्हतो.

दहा वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. मॅडम आल्या होत्या, ओपीडीतून थेट, टॅक्सीने. एका हाताने आईला धरलेलं, दुसऱ्या हातात केसपेपर. त्या आजींच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं. बाहुल्या मोठ्या झाल्या की काही तास नीट दिसत नाही, तसं. त्यांनी डोळे मिटूनच घेतले होते. मॅडमनी त्यांना माझ्या फिरत्या खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "सरक. स्क्रीन बघू दे."

मी सरकलो नाही. मी स्क्रीनसमोर उभा होतो आणि तसाच उभा राहिलो. म्हणालो, मॅडम, लोड होतंय.

आजी म्हणाल्या, "कोण बोलतंय गं हा?"

"दत्ता. सांगितलं नाही का तुला."

मला नंतर कळलं की आजींनी तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत आया म्हणून काम केलं होतं. पहिली-दुसरीची पोरं सांभाळली. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला मान वळवली.

"बाळा, फोनवर हिला काय सांगितलंस ते परत एकदा सांग बघू. तसंच्या तसं."

एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराला विचारावं तसं. मला शाळा सोडून चौदा वर्षं झाली होती आणि मी त्या क्षणी परत तिथेच उभा होतो. मी तोंड उघडलं. "प्लॅन टाक..." एवढं आलं, पुढचं येईना. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. बघत असत्या तर कदाचित मी परत म्हटलं असतं.

"मॅडम, नाही टाकला," मी म्हणालो. "जानेवारीचा कॉपी केला. मला दोन भागांचा येत नाही. जूनमध्येही कळला नव्हता."

मॅडम स्क्रीनकडे वळल्या. मला वाटलं होतं ओरडतील. आजी म्हणाल्या, "ज्योती, पोराला मग काय बोलायचं ते बोल. आधी ते वर अडकलेलं सोडव."

मॅडमनी फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. का टाकला ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, मी ऐकावं म्हणून.

"पाटणकर साहेब, कांबळे बोलते. शोधणं थांबवा. प्लॅन गेलेला नव्हता. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही कागद बघितला नव्हता?"

"नाही बघितला."

"बरं." पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. "सांगा, मी लिहून घेतो."

पुढचं काम मी बघत राहिलो. हवाई दलाकडून प्रत्येक उड्डाणाला एक नंबर लागतो, रडारवर दिसणारा ठिपका कुणाचा हे त्यांना कळावं म्हणून. प्लॅन नवा म्हणजे नंबरही नवा. मॅडम एका कानाने साहेबांना प्लॅन सांगत होत्या, दुसऱ्या फोनवर नंबर मागत होत्या, आणि मधे रेडिओचं बटण दाबून कॅप्टनना म्हणाल्या, "साळवी सर, चूक आमच्या बाजूची आहे. पंधरा मिनिटं द्या." मला त्यांनी एकच काम दिलं. आईला पाणी दे. मी दिलं. आजींना ग्लास दिसत नव्हता, म्हणून तो हातात धरवला. अर्धं पाणी मी त्यांच्या पदरावर सांडलं. त्या म्हणाल्या, "आधी तू पी."

दहा सदतीसला क्लिअरन्स आला. रेडिओवर कंट्रोलने कॅप्टनना वाट आणि उंची सांगितली, कॅप्टननी ती परत म्हणून दाखवली. मला वाटलं, सुटलो.

मग कॅप्टन कंपनीच्या फ्रिक्वेन्सीवर आले. "कांबळे मॅडम, क्लिअरन्स मिळाला. पण आता जाता येणार नाही. पस्तीस मिनिटं जाळलीत इथे. ढगातून जायचं तर तिथे उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्याइतकं इंधन लागतं, वर अर्धा तास पुरेल इतकं जास्त. ते राहिलं नाही. मी जुहूच्या विमानतळावर परत येतोय, इंधन भरतो आणि निघतो." थोडं थांबून म्हणाले, "पंधरा-वीस मिनिटांपूर्वी मिळाला असता तर गेलो असतो."

रेडिओवर बोललेलं सगळं आम्ही वेळेसकट वहीत लिहितो. ते वाक्य मी लिहिलं. हिशोब करायची गरज नव्हती, तरी केला. मॅडमना दहा चारला खरं सांगितलं असतं, तर त्याच पंधरा मिनिटांनी दहा एकोणीसला क्लिअरन्स आला असता. चुकीचा प्लॅन टाकणं ही चूक होती, पण त्या चुकीला पुरेल एवढं इंधन हेलिकॉप्टरमध्ये होतं. माझ्या 'हो मॅडम'ला पुरेल एवढं नव्हतं.

जुहूला भिडे सर होतेच. त्यांनी उभं राहून इंधन भरून घेतलं. अकरा पंचवीसला हेलिकॉप्टर पुन्हा उडालं. या वेळचा प्लॅन मॅडमनी टाकला होता. बारा चाळीसला डॉक्टर पोचले. बारानंतर चाळीस मिनिटं.

मी विचारलं नाही. हे सांगायला मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. कॅप्टन संध्याकाळी आले, त्यांना विचारलं नाही. हॉस्पिटलच्या माणसाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, त्यालाही नाही. दोन दिवस मी पेपर उघडला नाही. लालबागला मूर्तींच्या कार्यशाळांवरून माझी जायची वाट आहे. तिथे रंग न दिलेल्या मूर्ती ओळीने ठेवलेल्या असतात, काहींचे पाय अजून लावायचे असतात. मी दोन दिवस लांबच्या गल्लीने गेलो.

तिसऱ्या दिवशी मॅडमच माझ्या टेबलाशी आल्या. त्यांनी फोन करून विचारलं होतं. "पाय वाचला," त्या म्हणाल्या. "तीन बोटं काढावी लागली. डाव्या पायाची."

मी विचारलं, "उशिरामुळे?"

"मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, वेळेवर येऊनही गेली असती कदाचित. सांगता येत नाही."

त्या मला दिलासा द्यायला खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. 'सांगता येत नाही' एवढंच माझ्या वाट्याला आहे. मुलगी माझ्यासारखीच मराठवाड्यातली. ती कुठेतरी पाय टाकताना तीन बोटं नसल्याचं तिला रोज कळत असेल, आणि त्यातलं माझं किती, ते कुणालाच सांगता येणार नाही.

भिडे सरांपुढे रिपोर्ट द्यायचा होता. कॅप्टन सरांनी सांगितलं की प्लॅन आपणही नीट बघायला हवा होता. मॅडमनी सांगितलं की न बघता कंट्रोलला शब्द आपण दिला. दोघांनी आपापली बाजू इतकी पुढे केली की माझी चूक मधे दिसेनाशी व्हायला लागली. मॅडमनीच ते थांबवलं. मला म्हणाल्या, "रिपोर्ट तू लिही. मराठीत लिही, इंग्रजी मी करते. पण फोनवर काय म्हणालास ते वाक्य पहिलं."

मी पहिलं तेच लिहिलं. 'मी मॅडमना हो म्हणालो, ते खोटं होतं.' भिडे सरांनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाले, "अहो दत्ता, नोकरी मी ठेवतो आहे. पण प्लॅन सहा महिने तुम्ही एकट्याने पाठवायचा नाही. आणि मला एक सांगा, जूनमध्ये विचारलं असतंत तर काय झालं असतं?"

काही झालं नसतं. मॅडमनी परत सांगितलं असतं. मी नंतर घड्याळ लावून बघितलं. 'मॅडम, दोन भागांचा प्लॅन मला कळला नाही, परत सांगा,' हे म्हणायला चार सेकंद लागतात.

त्यांनी परत सांगितला. त्याच आठवड्यात, वहीच्या त्याच कोऱ्या पानावर. "कळलं का?" विचारलं नाही. म्हणाल्या, आता तू मला शिकव. मी शिकवला, दोनदा अडखळलो, तिसऱ्यांदा जमला. आता मी जुना प्लॅन उघडत नाही. कोरा फॉर्म घेतो. दहा मिनिटं जास्त लागतात. ऑफिसातले हसतात, हसू देत.

आजींचा ओपीडीतला नंबर त्या दिवशी गेला तो गेलाच. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. त्या दिवशी मी पहाटे जाऊन रांगेत उभा राहिलो आणि मॅडम नको म्हणत असताना आजींना घेऊन गेलो. औषध घातल्यावर बाकावर डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "कॉपी करणारी पोरं मी खूप बघितली. सांगून टाकणारी कमी." मी सांगून टाकणाऱ्यांतला नाही, माझ्याकडून काढून घ्यावं लागलं, हे त्यांना माहीत होतं.

एकदा मी मॅडमना विचारलं होतं, साहेबांना तुम्ही 'मी चुकीचं सांगितलं' का म्हणालात, माझं नाव का नाही सांगितलं. त्या फाइल लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "फोन मी केला होता ना? मग तोंड माझंच."

त्यानंतर एक गोष्ट बदलली. मॅडम कंट्रोलला फोन करतात, पाटणकर साहेब असले की आधीसारखेच गोड बोलतात, आईची तब्येत विचारतात. पण मॅडमनी काही सांगितलं की मधे एकदा म्हणतात, "मॅडम, कागद समोर आहे ना?" साध्या आवाजात म्हणतात. टोमणा नसतो. नियमाप्रमाणे विचारायलाच हवं, तेच विचारतात. पण आधी विचारत नव्हते. मॅडम म्हणतात, "आहे साहेब, समोर आहे," आणि पुढचं बोलायला लागतात. मी शेजारच्या टेबलावर असतो. दर वेळी मान खाली जाते.

सहा महिने संपले. आता प्लॅन पुन्हा मी पाठवतो, आणि कंट्रोलला पहिला फोनही बऱ्याचदा मीच करतो. कागद हातात धरूनच करतो. साहेबांनी विचारायच्या आधी सांगतो की समोर आहे, अमुक वेळेला गेला, तुमच्याकडून पोचल्याचा निरोप आला. अजून ते ऐकून घेतात आणि तरीही विचारतात. विचारू देत. बाहेरून दहावीचा फॉर्म भरलाय, मग बारावी, मग डिस्पॅचरची परीक्षा. वेळ लागेल. पण याच ऑफिसात बसून एक दिवस असा आणीन, की कांबळे मॅडम फोनवर "झालंय साहेब" म्हणतील आणि पलीकडून नुसतं "बरं" येईल. त्या दिवशी मी त्यांना सांगेन की मॅडम, तुमचं होतं ते परत आणलं.